मोरी सुकी होती

ट्रॅक्शनवर असताना उशाशी कोणालाही उभं राहू देऊ नका. डॉक्टर, सिस्टर, भेटायला आलेली माणसं, सगळ्यांना पायथ्याशी उभं राहायला सांगा. हे तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मी आधी हेच लिहिते. हनुवटीखाली पट्टा, खाटेच्या कठड्यावरून मागे गेलेली दोरी, दोरीला टांगलेली वजनं, आणि मान बोटभरसुद्धा वळवायची नाही. अशा वेळी उशाशी उभं राहिलेलं माणूस उलटं दिसतं. कपाळ खाली, हनुवटी वर. बोलायला लागलं की तोंड भलतीकडेच हलतं. कोणाला त्याचं हसूही येत असेल. मला आलं नाही. का आलं नाही, ते सांगायलाच बसले आहे.

हॉस्पिटलातल्या व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी मागच्या महिन्यात मला गाठलं. म्हणाल्या, "नलिनीताई, नव्या पेशंट पहिल्या दिवशी फार रडतात हो. तुम्ही शिक्षिका, तुम्ही यातून गेलात. चार ओळी लिहून द्या, मी वाचून दाखवीन." मी हो म्हणाले. चार ओळींत माझं कधी भागत नाही. शाळेत मुली म्हणायच्या, बाईंचं सुरू झालं की घंटा वाजलेलीही कळत नाही.

मी वेसाव्याची, कोळ्याची मुलगी. बाप मी लहान असतानाच गेला. आईने पाटी डोक्यावर घेऊन अंधेरीच्या बाजारात मासळी विकली आणि मला शिकवलं. पाटीखाली डोक्यावर चुंबळ असते. जुन्या लुगड्याची पट्टी पिळून, गुंडाळून केलेलं कडं. त्यात ओझं नीट बसतं आणि टाळूला रुतत नाही. चुंबळ बसली की आई दोन्ही हात सोडून चालायची. एका हाताने पदर खोचायची, दुसऱ्याने मला धरायची, वाटेत भेटेल त्याच्याशी भांडायचीसुद्धा, आणि पाटी जागची हलायची नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आयांना हे येतं.

मी अंधेरीच्या एका शाळेत मुलींना कवायत शिकवायला लागले. आमच्या शाळेच्या हॉलमध्ये सकाळी एक निवृत्त ड्रिलमास्तर बायकांसाठी योगासनांचा वर्ग घ्यायचे. ही गोष्ट सत्तरच्या आगेमागची. तेव्हा बायकांना उलटं उभं करणाऱ्या माणसाला लोक काय काय बोलत, ते इथे लिहीत नाही. मास्तर सगळं ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर व्हायचे. त्यांनी पहिले पंधरा दिवस आम्हाला नुसतं पडायला शिकवलं. डोक्यामागे गुंफलेली बोटं सोडा, हनुवटी छातीला लावा, पाठीवरून गडगडत जा. "ज्याला पडता येत नाही त्याने चढू नये," म्हणायचे. मग शीर्षासन. घोंगडीची घडी, त्यावर कोपरं, भार कोपरांवर. डोकं नुसतं टेकवायचं.

शीर्षासन मला असं लागलं की विचारू नका. पाय सुटून वर गेले की अंगातला सगळा गोंगाट थांबायचा. दोन वर्षांत मी वृश्चिकासनापर्यंत पोचले. त्यात कोपरांवर उभं राहून पाय मागून वाकवत डोक्यापर्यंत आणायचे असतात. आमच्या वर्गात ते फक्त मलाच जमायचं आणि त्याचा मला गर्व होता. एकदा मास्तरांच्या कात्रणवहीत एक चित्र पाहिलं. एक माणूस नुसत्या डोक्यावर उभा, हात दोन्ही बाजूंना मोकळे. मी म्हटलं, मास्तर, हे शिकवा.

"हे आपल्यासाठी नाही," मास्तर म्हणाले. "डोकं म्हणजे पाय नव्हे, नलिनी."

पण मी ते चित्र रोज पाहत होते, फक्त उलटं. आई रोज सकाळी तशीच तर जात होती, पाटी वर आणि हात मोकळे. एका रविवारी आई बाजारात गेल्यावर मी तिची जुनी चुंबळ जमिनीवर ठेवली आणि तिच्यात डोकं रोवलं. पाय वर नेले. हात सोडले. तीन आकडे मोजले. डोकं जात्यातल्या खुंट्यासारखं घट्ट बसलं होतं. मला वाटलं, आमच्या माना पिढ्यान्‌पिढ्या ओझ्यासाठीच घडल्यात, मास्तरांना ते काय ठाऊक! मूर्खपणा होता, पण त्या वेळी तो मला शहाणपणा वाटला.

*

शैला माझी विद्यार्थिनी. जोगेश्वरीला राहायची. मूळची माणसं कोकणातली, वडील गिरणीत. मॅट्रिक होऊन घरीच होती आणि तिलाही माझ्यासारखं कवायतीची बाई व्हायचं होतं. मीच तिला मास्तरांच्या वर्गात आणलं. अंगाने वेताच्या काडीसारखी, आणि मी करीन ते तिला करायचंच असायचं. मी केसांना मधून भांग पाडला तर आठ दिवसांत तिचाही भांग मधून.

वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमात आपण दोघींनी रंगमंचावर हात सोडून शीर्षासन करायचं, असं मी ठरवलं. मास्तरांना त्या दिवशीच कळेल, चकित होतील. तिच्यासाठी मी माझ्या जुन्या पातळाची पट्टी फाडली आणि स्वतःच्या हातांनी चुंबळ वळली. आईच्या चुंबळीपेक्षा उंच आणि घट्ट. डोकं हलू नये म्हणून. तिला देताना म्हटलं, "कोणाला दाखवू नकोस हं." ती म्हणाली, "नाही बाई. मेले तरी नाही."

*

मी पडले तोही रविवारच होता. भर दुपार. हात सोडून पंधरापर्यंत गेले होते. पाय किंचित मागे झुकले. एरवी मी बोटं सोडून, हनुवटी आत घेऊन गडगडत गेले असते. शरीराला ते पाठ होतं. पण चुंबळीने डोकं धरून ठेवलं. अंग पलटलं, डोकं तिथेच राहिलं. मानेतून आलेला आवाज मला ऐकू आला. तो कसा होता ते कोणी विचारलं तर मी आजही सांगत नाही.

उजवा हात कुठे आहे तेच कळेना. डोळ्यांनी दिसत होता, पण माझा नव्हता. तासभर तशीच पडून होते. त्या तासात मी काय केलं असेल? देवाचं नाव घेतलं असेल, आईला हाक मारली असेल? मी पायाने चुंबळ ढकलत ढकलत खाटेखाली सारली. मास्तरांचा वर्ग बंद पडेल, माझी नोकरी जाईल, कोळणीच्या पोरीला हौस नडली म्हणतील. मान मोडलेली असताना माणसाला हे सुचतं, हे मला स्वतःवरून ठाऊक आहे.

आई आली. पाटी उंबऱ्यातच टाकली. "नलू, परलीस कशी गो?"

माझे डोळे कोपऱ्यातल्या मोरीवर गेले. "मोरीत घसरले आये. कशीबशी इथवर आले."

आईने मोरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि शेजाऱ्यांना हाका मारायला धावली.

*

हॉस्पिटलात डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. तरुण होते, बोलायला सरळ. मानेचे दोन मणके सरकले आहेत, हाताची नस दबली आहे, सहा आठवडे ट्रॅक्शन, मग गळपट्टा. हात येईल का? "येईल असं वाटतं," म्हणाले. 'असं वाटतं' हे दोन शब्द मी नंतर किती दिवस चघळले. मग त्यांनी विचारलं, "पडलात कशा?"

"मोरीत घसरले."

"मोरीत घसरलं की माणूस कमरेवर पडतं, हातावर पडतं. तुमच्या मानेवर सरळ वरून भार आलेला दिसतोय."

"मोरीतच घसरले," मी म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं. मास्तर भेटायला आले, त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "आसनं करताना नाही ना?" मी नाही म्हणताच त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण इतका उतरला की मला वाटलं, खोटं बोलून मी पुण्यच केलं.

दिवस छताचे असतात. पंख्याचं एक पातं वाकडं, त्याच्या शेजारी पोपडे निघालेला चुना. सकाळी स्पंजिंग, मग रबरी नळीने चहा, मग राउंड, मग जेवण. आई बाजार उरकून बारापर्यंत यायची आणि मला भरवायची. तिच्या लुगड्याला मासळीचा वास यायचा आणि शेजारच्या खाटेवरच्या बाई नाकाला पदर लावायच्या. आईच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवसापासून ती बाजारातून आधी वेसाव्याला जायची, अंघोळ करायची, आणि मग यायची. तासभर उशीर व्हायचा आणि भात गार झालेला असायचा. मी गार भातावरून तिच्यावर चिडले. एवढं ओरडले की सिस्टर आल्या. आजारी माणसाला माफ असतं म्हणतात, पण मला तो भात अजून आठवतो.

तिसऱ्या दिवशी सिस्टरने डोक्याखाली काहीतरी सरकवलं. कापसाचं कडं, वरून बँडेज गुंडाळलेलं. एका जागी पडून डोक्याला जखम होऊ नये म्हणून ठेवतात. "रिंग आहे हो, बरं वाटेल." डोक्याला त्याचा स्पर्श झाला आणि मी किंचाळले. काढा, काढा ते! सगळा वॉर्ड जागच्या जागी थबकला. सिस्टरला वाटलं, दुखलं. पायथ्याशी आई होती. तिने त्या कड्याकडे पाहिलं, मग मोरीकडे पाहिलं होतं तसंच माझ्याकडे पाहिलं. 

*

नवव्या दिवशी शैला आली. मास्तर आणि आई पायथ्याशी उभे होते. ती कधी आत आली ते मला दिसलं नाही. एकाएकी माझ्या चेहऱ्यावर सावली पडली आणि वर तिचा चेहरा उलटा आला. कपाळ खाली, हनुवटी वर, वेण्या लोंबताहेत.

"बाई, ओळखा पाहू, शीर्षासनात कोण आहे?"

मास्तरसुद्धा हसले. ती माझ्या डोक्याकडे क्षणभर बघत राहिली. मग वाकून अगदी कानाशी कुजबुजली, "बावीस मोजले. हात सोडून."

तेव्हाच सांगायचं होतं. 'ती चुंबळ जाळून टाक,' एवढंच. पण मास्तर तिथे होते. माझं खोटं अजून ताजं होतं. मी म्हणाले, "जपून हं."

ती हसली. उलट्या चेहऱ्यावरचं हसू रडण्यासारखं दिसतं. मग ती गेली, तिचा चेहरा मात्र गेला नाही.

त्यानंतरच्या दुपारी मला कोणाच्या वाट्याला यायला नको आहेत. जेवणं उरकून वॉर्ड निजलेला असायचा, आणि पंख्याच्या शेजारी, त्या पोपड्यापाशी, शैला उभी असायची. पाय छताला, डोकं माझ्याकडे, टाळूखाली मी वळलेली चुंबळ. हात सुटलेले. मी मोजायची. वीस, एकवीस, बावीस. तेवीसला डोळे मिटून घ्यायची. मी भ्रमिष्ट झाले नव्हते, छतावर कोणी नाही हे मला कळत होतं. पण त्याच वेळी जोगेश्वरीच्या खोलीत ती खरोखरच तशी उभी असेल, हेही कळत होतं. भीती ती होती. चिठ्ठी लिहावी तर उजवा हात मेलेला. निरोप धाडावा तर निरोप्याला खरं सांगावं लागणार. आज सांगू, उद्या सांगू करत मी आठ दिवस काढले. पुन्हा लिहिते, आठ दिवस.

शेवटी आईला म्हटलं, "आये, शैलाला बोलावून आण. कामाचं आहे."

आई दुसऱ्या दिवशी सकाळीच आली, अंघोळ न करता. पाटी बाहेर ठेवली असावी. पायथ्याशी उभी राहिली.

"शैला नाय येत. बाजारात तिची शेजारीन भेटली. तीन दिस जाले, मोरीत घसरली."

माझे डोळे पंख्याशेजारच्या पोपड्याकडे गेले. 

"तुजी मोरी सुकी व्हती गो त्या दिशी," आई हळूच म्हणाली. "तिची पन सुकीच असंल."

"तुला ठाऊक होतं?"

"खाटंखालची चुंबल मीच उचलली. तू बोलली नाय, म्हनून मीबी बोलली नाय. मना वाटलं, तुजी नोकरी जाईल."

मग मी सगळं सांगितलं. रडत नाही, भराभरा, कारण मला एकच विचारायचं होतं. "तिला कुठल्या हॉस्पिटलात नेलंय?"

"घरीच हाय. मोरीत परली, तर कंबर धरली असंल बोलून हाडवैद्य येतो. अंग चोलतो. आज मान मोकली करनार हाय."

अंगाला हिसका बसेल इतक्या मोठ्याने मी ओरडले आणि दोरीची वजनं खाटेच्या कठड्यावर आपटली. डॉक्टर आले. त्यांना मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी मोरी नाही. त्यांचा चेहरा उतरला. "तिच्या मानेला कोणालाही हात लावू देऊ नका. गाडी पाठवतो," एवढंच म्हणाले. गाडी मिळायची वाट आई थोडीच बघणार होती! ती केव्हाच जिन्यावर होती.

पुढचं मला शैलाच्या आईने सांगितलं. हाडवैद्याने तेल लावून मान धरली होती, तेवढ्यात माझी आई दारातून ओरडत आत शिरली आणि तिने त्याचे हात हिसडून काढले. शैलाची आई म्हणाली, "अगो, ही कोण बाय, काय करता हा?" आईने उत्तर दिलं नाही. ती शैलाच्या उशाशी बसली, तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं, आणि गाडी आली, फळी आली, जिना आला, जोगेश्वरीपासूनचा सगळा खड्ड्यांचा रस्ता आला, तरी तिने ते हात सोडले नाहीत. गाडीतल्या माणसाने धरतो म्हटलं, तर म्हणाली, "तुना नाय जमाचं. माजी पाटी कवा हललीय?"

डॉक्टर नंतर मला म्हणाले, त्या बाईंच्या हातांनी पोरगी जिवंत आली. मग म्हणाले, "पहिल्याच दिवशी आणली असती तर..."

*

शैलाला माझ्यापासून चौथ्या खाटेवर ठेवलं. मला मान वळवता येत नव्हती, तिला तर नाहीच. जवळजवळ महिनाभर आम्ही एका खोलीत होतो आणि मी तिला पाहिलं नाही. आवाज ऐकायची. रात्री तिची आई मुसमुसायची तोही ऐकायची. आई माझं भरवून झालं की तिच्याकडे जायची. मास्तर आले, माझ्या पायथ्याशी उभे राहिले आणि हात चोळत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. वर्ग त्यांनी स्वतःहून बंद केला.

छोट्या छोट्या गोष्टींनी माणूस तगतं. माझा अंगठा एका सकाळी हलला, सिस्टरने ओरडून सगळ्या वॉर्डला सांगितलं. नाक मुरडणाऱ्या शेजारच्या बाईंनी जाताना आईकडून सुकट मागून घेतली. हे मुद्दाम लिहिते, कारण ऐकणाऱ्या बाईला धीर हवा असतो, आणि तो खराही आहे.

घरी जायच्या दिवशी गळपट्टा घालून मी पहिल्यांदा चालत शैलाच्या खाटेपाशी गेले. पायथ्याशी उभी राहिले. तिचे डोळे खाली वळून माझ्यावर आले.

"शैला, मी मोरीत पडले नव्हते."

"ठाऊक आहे बाई."

"कधीपासून?"

"मी भेटायला आले त्याच दिवशी. उशाशी उभी होते ना, तुमची टाळू दिसली. केस गोल झिजले होते. माझेही तसेच झिजलेत."

"मग थांबली का नाहीस गं?"

"तुम्ही थांब कुठे म्हणालात? जपून म्हणालात." ती रागाने बोलत नव्हती. शाळेत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तसं बोलत होती. "मला वाटलं, तुमचं मोजताना काहीतरी चुकलं असेल, मी नीट करीन. आणि पडले तेव्हा आई विचारायला लागली. तुम्ही मोरी सांगितली होती, म्हणून मीही मोरीच सांगितली."

*

आज माझा हात चालतो. खडू धरता येतो, थंडीत अंगठा दुखतो, एवढंच. शैला काठी घेऊन चालते आणि तिच्या डाव्या हाताची मूठ वळत नाही. संक्रांतीला येते, तिळगूळ उजव्या हाताने देते. मला अजून बाईच म्हणते. आईने त्यानंतर चुंबळ डोक्यावर ठेवली नाही. पाटी कमरेवर घेऊन जाते, त्याने तिची कंबर गेली आहे, आणि मी किती सांगितलं तरी ऐकत नाही.

माझी खाट मी भिंतीला अगदी चिकटवून लावली आहे, उशाशी उभं राहायला जागाच ठेवलेली नाही. तरी दुपारी डोळा लागला की ती तिथे येते. कपाळ खाली, हनुवटी वर. मी मोजते आणि तेवीसला जागी होते.

बाईंनो, तुमची मान बरी होईल. पट्ट्याची सवय होते, नळीने चहा पिताना चार दिवसांनी सांडत नाही. पण डॉक्टर पहिल्या दिवशी विचारतील, पडलात कशा. तेव्हा जे खरं असेल ते सांगा, कितीही लाज वाटली तरी. तुम्हाला मान वळवता येत नसते, त्यामुळे ते उत्तर ऐकायला तुमच्या उशाशी कोण उभं आहे, ते तुम्हाला दिसत नाही.